दात पाहणारे धुळबा आबा

धुळबा आबांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते थेट माझ्या तोंडात. मी ताडकळसच्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून नुकताच लागलो होतो. डॉक्टर तपासणार, मी जनावर धरणार, मलमपट्टी करणार आणि वहीत नोंद करणार. आबांनी लंगडणारी मेंढी आणली होती. मी अंदाजानं तिचं वय चार वर्षं लिहिलं आणि तसं मोठ्यानं बोललोही. आबांनी मेंढीचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबून मला दाखवला.

“दोनच मोठे दात हायत, साहेब. दीड वर्साची पोर हाय ही. तुमी तिला म्हातारी करून सोडली.” मग मी ओशाळून हसलो तेव्हा माझ्याकडे निरखून म्हणाले, “तुमचे मातर समदे जुळलेत. लगीन झालंय का न्हाई?”

तेव्हापासून आमची सव्वीस वर्षांची ओळख. आबा जातीचे मेंढपाळ, अंगानं सडसडीत, बोलायला तिखट. आठवडी बाजारात मेंढरं विकणारे बसत त्या ओळीच्या टोकाला ते उकिडवे बसलेले असायचे. घेणारा मेंढी ओढत त्यांच्यापुढे आणायचा. आबा तिची मान काखेत धरायचे, ओठ दाबायचे आणि निकाल द्यायचे: दोन दाती, चार दाती, किंवा सगळे दात आलेली, म्हणजे जुळलेली. त्यांच्या शब्दावर सौदे होत. या कामाचा मोबदला म्हणजे एक कप चहा, तोही साखर जास्त घालून.

दात पडलेल्या मेंढीबद्दल मात्र ते दयामाया दाखवत नसत. “काढा हिला,” म्हणायचे. “कळप चरत पुढं जायलाय अन् ही एका जागी उभी. हिच्यापायी किती थांबायचं?” स्वतःच्या कळपातही हाच कायदा. एकदा त्यांनी स्वतःची एक म्हातारी मेंढी खाटकाच्या हाती दिली आणि लिंबाच्या झाडामागे जाऊन पाठमोरे बसले. मी जवळ गेलो तर म्हणाले, “लय चांगली होती,” आणि लगेच पावसापाण्याचं काढलं.

चार वर्षांपूर्वी आबा बाजारात पटक्याचा शेव, म्हणजे सुटं टोक, तोंडावर घेऊन बसू लागले. मला थट्टेची खोड. “आबा, पदर घ्यायला लागलात, नवरी झालात काय?” असं मी चारचौघांत म्हणालो. सगळे हसले. आबाही हसले, पण ओठ मिटून. आज ते आठवलं की माझीच मला चीड येते.

माझ्या मुलीच्या लग्नात ते पंगतीत बसलेच नाहीत. “आज आइतवार. खंडोबाचा उपास हाय,” म्हणाले. मला पटलं. पुढे नातवाच्या बारशाला बोलावलं तर तेव्हाही उपास, आणि तो दिवस होता बुधवार. मी म्हटलं, “आबा, खंडोबानं वार बदलला का?” त्यांनी मला मांडवाबाहेर नेलं आणि शेव खाली केला. तोंडाचं बोळकं झालं होतं. मागे एक दाढ तेवढी हलत उभी होती. आयुष्यभर दातांना तंबाखू घासलेली. एकेक दात हलू लागला की मेंढरांमागे रानात बसून ते स्वतःच दोरा बांधून उपटत होते आणि घरी कुणाला चाहूलही लागू देत नव्हते.

मी त्यांना समजावून परभणीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. कवळी बसते, भाकरी चावता येते, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हसून “आ करा, बाबा” म्हटलं आणि अंगठ्यानं त्यांचा खालचा ओठ दाबला. आबा ताडकन उठले ते थेट रस्त्यावर. मी मागे धावलो. परतीच्या एसटीत म्हणाले, “जल्मभर मी असंच धरलं जित्राबाला. ते का डोळे फिरवतंय, आज कळलं.”

मग त्यांनी माझा हात धरला. “सुनंला कळू देऊ नका. लेक कामाला पुण्याला, घर तिच्या हातात. दात गेलेलं जित्राब कोन दारात ठेवतंय?”

“आबा, तुम्ही काय मेंढी आहात?” मी म्हणालो. ते हसले नाहीत. माझा हात सोडेनात. मी शब्द दिला.

सून गोदावरी रोज पहाटे दोन टणक ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायची. आबा ते रानात कुत्र्यांना घालायचे आणि रिकामं फडकं झटकून घरी न्यायचे. घरीही शेव तोंडावरच, आणि रात्री ‘रानात लय जेवलो’ म्हणून ताट टाळायचे. स्वतः मेंढीच्या दुधावर आणि चहावर दिवस काढायचे; हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं. एकदा गोदावरी दवाखान्यात शेळी घेऊन आली. मी आबांची तब्येत विचारली. ती कौतुकानं म्हणाली, “जेवण लय चांगलं हाय त्यांचं. फडक्यात तुकडाबी ऱ्हात न्हाई. आता तिसरी भाकर बांधायलेय.”

मी शेळीचा पाय धरून उभा होतो. सांगायची हीच वेळ होती. पण दिलेल्या शब्दाचा मला मोठा अभिमान. मी मान हलवली आणि पट्टी बांधली.

गेल्या हिवाळ्यात आबा बांधावर चक्कर येऊन पडले. तपासायला आलेले गावचे डॉक्टर म्हणाले, दुसरं काही नाही, माणूस कित्येक महिने अर्धपोटी आहे. अंगाची नुसती हाडं उरली होती, त्यांना अंथरुणातून उठवेना. मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा गोदावरी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती. तिनं ते बिनदातांचं तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं होतं. मला ओसरीवर बोलावून तिनं विचारलं, “तुमाला म्हाईत होतं?”

मी हो म्हणालो. का लपवलं तेही सांगितलं, मेंढीचं, दाराचं, सगळं.

ती ओरडली नाही. खाली बसली. “माझ्या बापाचे दात मी ल्हान असतानाच गेले होते,” ती म्हणाली. “लगीन होऊस्तोर मीच त्यास्नी रोज कण्या शिजवून घातल्या. हिथं आल्यावर ते काम सुटलं. हिथंबी केल्या असत्या की, भाऊ. त्यात काय लागत होतं?”

ती उठली. जात्यावर ज्वारी भरडली, कण्या मऊ शिजवल्या, दूध घातलं, चिमूटभर मीठ टाकलं. आबांचं डोकं मांडीवर घेऊन तिनं पहिला चमचा दिला. त्यांनी तोंड मिटून घेतलं, तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा उघडलं. चार चमचे त्यांनी खाल्ले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “बाई, उद्याबी करशील का?”

“रोज करीन,” गोदावरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले तेव्हा ती चुलीपुढे बसून कण्या ढवळत होती.