काय चावायचं, ते दावायचं

बांगलादेशच्या लढाईनंतर मालक सुट्टीवर आले, मला कुत्र्याचं एक पिल्लू आणून दिलं आणि पलटणीत परत गेले. पिल्लानं घरातलं सगळं कुरतडलं. सासऱ्यांचा जोडा फाडला, तसे ते म्हणाले, "पोरी, ह्याला म्हायेरी सोडून ये."

कडेगावच्या स्टँडवर मी रडवेली होऊन एसटीची वाट बघत होते. शेजारी एक बांगडीवाली टोपली घेऊन बसली होती. पिल्लानं तिच्या चपलेचा अंगठा तोडला, तेव्हा मी हात उगारला. तिनं तो वरच्या वर धरला.

"मारू नगं. दात येत्यात त्याला."

तिनं बोटानं पिल्लाच्या हिरड्या हळूच चाचपल्या. मग बांगड्यांवरच्या फडक्याची पट्टी फाडली, गाठ मारली, तांब्यातल्या पाण्यात भिजवली आणि चप्पल सोडवून गाठ त्याच्या तोंडात दिली. पिल्लू परत परत चपलेकडं वळायचं, ती परत परत गाठ पुढं करायची. गाठ चावू लागलं की त्याची पाठ थोपटायची. इतका शांत माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"चावू नगं म्हणून ते ऐकायचं न्हाई," ती म्हणाली. "काय चावायचं, ते दावायचं."

गाडी आली. तुटकी चप्पल हातात घेऊन ती हसत चढली. मी चढले नाही.

घरी येऊन सासऱ्यांपुढं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मामंजी, पिल्लू हितंच ऱ्हाईल. मी शिकवते त्याला."

"शिकव की मग," ते म्हणाले आणि पायातला नवा जोडा काढून त्यांनी वर फळीवर ठेवला.