तलावाकाठच्या बंगल्यातली टीम

निवृत्त झालो तेव्हापासून लोक मला खून-दरोड्यांच्या तपासांबद्दल विचारतात. मी सांगतोही. पण एकटा बसलो की ज्या प्रकरणाची हटकून आठवण होते, त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. होती ती पाच तरणी पोरं, त्यांची स्वयंपाकीण आणि त्यांचा मालक.

माझं शेवटचं पोस्टिंग भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातल्या एका ठाण्यात होतं. हद्दीत धानाची बांधी, तलाव आणि राइस मिल. तक्रारी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, पाण्याच्या, फार तर मोहाच्या दारूच्या. एका सकाळी हजेरी चालू असताना एकोडीकडच्या एका पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, तलावाजवळच्या बंगल्यात बाहेरगावचे पोट्टे राहून राहिले. दिवसभर कानाले मशीन लावून मोबाइलवर बोटं चालवतात. मधातच 'मारला रे, मारला' म्हणून कल्ला करतात. सट्टा हाय, साहेब. सयपाकखोलीच्या माळ्यावर फोनची थैलीबी हाय म्हनतात."

स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले आणि छापा टाकला. माळ्यावर खरोखरच थैली निघाली. आत साधे बटनांचे फोन, सट्टेवाले वापरतात तसे. बाहेरच्या खोलीत एकसारख्या जर्सी घातलेली पाच पोरं हात वर करून उभी होती. त्यांना चौकशीसाठी गाडीत बसवलं, तर स्वयंपाकीण आडवी आली. तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर घरची बाई. पोरं तिला मावशी म्हणत.

"माह्या पोट्ट्यायले कायले नेऊन राहिले, साहेब? अजून जेवले नाईत ते."

"चौकशी आहे, मावशी."

"मंग भात झाल्यावर करा ना चौकशी!"

आमचे हवालदार तोंड फिरवून हसले. मला हसता येत नव्हतं.

ठाण्यात पोरांचा कप्तान माझ्यासमोर बसला. नाकाडोंगरीकडचा, बाप मँगनीजच्या खाणीत कामाला. बाकीचे कुणी नागपूरचे, कुणी थेट आसामचे.

"साहेब, आमी सट्टेवाले नाई. मोबाइलवरच्या खेळाची टीम हाय आमची. लीग खेळतो."

"खेळून पोट भरतं?"

"करारात पगार लिवला हाय. पन दिवाळीपासून मिळाला नाई."

"मग मालक टीम बंद का नाही करत?"

त्यानं मला शांतपणे समजावून सांगितलं. या लीगमध्ये मालकाला टीमची जागा विकत घ्यावी लागते. एकदा घेतली की टीम हरली तरी ती जागा जात नाही. पण जिंकून मिळणाऱ्या बक्षिसावर टीम चालत नाही, चालते जाहिरातवाल्यांच्या पैशावर. ते येत होते तोवर सगळं झकास होतं. मग एकेक करून ते निघून गेले आणि जागेचा वार्षिक हप्ता तेवढा राहिला. मालक म्हणजे तालुक्यातला राइस मिलवाला. आता तो जागा विकायला निघाला होता.

"आमी इथं का थांबलो म्हनाल, तं परवा सामना हाय. खेळलो तं दुसरी टीम आमाले पाहीन. कप्तानावर गुन्हा लागला तं लीग आमाले खेळूच देनार नाई."

मला पोरगा खरा वाटला, पण खरं वाटणं हा पुरावा नव्हे. वरिष्ठांच्या कार्यालयातून तर प्रसिद्धीपत्रकाची विचारणाही सुरू झाली होती.

इतक्यात मालक आला. पांढरे कपडे, घामेजलेला चेहरा. पोरं समोर बाकावर बसली होती, त्यांच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

"साहेब, गुन्हा दाखल झाला का? एफआयआरची कॉपी भेटन का आजच?"

माझी सगळी नोकरी ठाण्यांत गेली. पकडलेल्या माणसाचा मालक धावत येतो तो सोडवायला. हात जोडतो, वजन वापरतो, आमदाराला फोन लावतो. आपल्याच माणसांच्या एफआयआरची प्रत मागायला आलेला मालक मी प्रथमच पाहिला. "दुपारनंतर या," एवढंच त्याला सांगितलं आणि मुद्देमाल पुन्हा टेबलावर मांडायला लावला. सट्टेवाल्याच्या फोनवरचे आकडे घासून पुसट झालेले असतात. या फोनांच्या पडद्यावरचं प्लास्टिकचं पातळ आवरण अजून निघालं नव्हतं.

मावशीचा जबाब घ्यायला हवालदारांना पाठवणार होतो, तर ती डबा घेऊन स्वतःच फाटकाशी उभी.

"काल दुपारी मी माळ्यावरून भाताचा मोठा गंज काढला. तवा तिथं थैलीबिली नोती, साहेब."

"त्यानंतर कोण आलं होतं?"

"कोनी नाई. मालकाचा डायवर आल्ता, इन्व्हर्टरमधी पानी टाकाले."

ड्रायव्हरला बोलावलं, समोर बसवून चहा दिला. सराईत माणूस ठाण्यातला चहा निवांत पितो. पहिल्यांदाच वाकडं पाऊल टाकलेला माणूस कपाकडे बघत बसतो. हा बघत बसला होता. मी थैलीचं नावही काढलं नाही.

"त्या बंगल्यात जेवला आहेस कधी?"

"हो, साहेब. लय वेळा."

"वाढायचं कोण?"

त्यानं कप बाजूला सारला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"कप्तान वाढे, साहेब. माही पोरगी दवाखान्यात होती तवा तोच संग बसला होता." त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "मालक म्हने, पोट्ट्यायचं काही वाकडं होत नाई, लगेच जामीन भेटते. थैली मीच ठेवली. पाटलाच्या कानावरबी मीच घातलं."

कारण मालकाच्याच तोंडून ऐकायला मिळालं. खेळाडूंची थकबाकी दिल्याशिवाय लीग जागा विकू देत नव्हती. पण खेळाडू सट्ट्याच्या गुन्ह्यात सापडला की करार रद्द, थकबाकीही रद्द. एफआयआरची घाई त्याचसाठी होती.

"पोट्टे वाईट नाईत, साहेब," तो मान खाली घालून म्हणाला. "टीम घेतली तवा अख्खा तालुका हासला मले. मीच पहिल्या सामन्याले ढोल लावला होता. आता मिलवर येऊन ठेपलं सारं, अन् मले काही सुचेनासं झालं."

मला त्याची दया आली, पण कायदा सोडला नाही. खोटी खबर देणं आणि खोटा पुरावा तयार करणं, याबद्दल त्याच्यावर आणि ड्रायव्हरवर गुन्हा नोंदवला. पोरांचा संबंध नसल्याचं पत्र लीगला पाठवलं. ठरल्या दिवशी त्यांनी सामना खेळला. मी आणि हवालदार मुद्दाम बघायला गेलो. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पोरं हरली. हवालदारच जास्त हळहळले.

काही आठवड्यांनी जागेला गिऱ्हाईक मिळालं. व्यवहाराला पाचही खेळाडूंची ना-हरकत सही लागत होती. कप्तानानं मला फोन केला, "तुमी बसा संग, साहेब, कागद समजत नाई आमाले." मी साध्या कपड्यांत बंगल्यावर गेलो. गिऱ्हाइकाच्या वतीनं पुण्याहून आलेल्या माणसानं कागद मांडले. पाचही जणांची थकबाकी विक्रीच्या रकमेतून चुकती होणार होती. शिवाय कप्तानाला नव्या टीममध्ये चांगला पगार होता. बाकी चौघांना मात्र नारळ. मी ओळन् ओळ वाचली. खोट काही नव्हती. तसं सांगितलं.

कप्तानानं पेन उचललं आणि विचारलं, "अन् मावशीचा पगार?"

"त्या करारात नाहीत," पुण्याचा माणूस म्हणाला. "आमची जबाबदारी फक्त खेळाडूंची."

"तिलेबी दिवाळीपासून काही भेटलं नाई."

"ते तुमच्या जुन्या मालकाला विचारा."

कप्तानानं पेन खाली ठेवलं. आसामच्या पोराला मराठी अर्धवटच कळायची, पण त्यानंही आपलं पेन ठेवलं. मग उरलेल्या तिघांनी.

मावशी आतून धावत आली. "मले कायले मधात घेऊन राहिले, बाबू? तुमचं घ्या अन् जा. माह्यापायी नोकरी नको घालवू."

"तू बस, मावशी," कप्तान म्हणाला.

पुण्याच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी पोरांना समजावीन, अशी त्याची अपेक्षा असावी. मी तलावाकडे बघत बसलो. तो बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्यानं मावशीचं नाव विचारलं आणि कागदावर एक ओळ वाढवली.

खबर मिळाली की खबऱ्याला ती कुणी दिली हे आधी शोधावं, हा धडा त्या प्रकरणानं मला नोकरीच्या शेवटी का होईना, पक्का शिकवला. नव्या अधिकाऱ्यांना मी तो सांगतो. दुसरी गोष्ट सांगायला गेलो की शब्द अडतात. मावशीला देणं लागतो असं कुठल्याच कागदात नव्हतं. ते द्यायला त्या पोरांनी भाग पाडलं. जबाब, पंचनामे, बंधपत्रं, माझा अख्खा जन्म लोकांच्या सह्या घेण्यात गेला. सही केली नाही म्हणून कुणाच्या पाठीवर थाप मारली, ती त्या एकाच दिवशी.