आजची तर्री मी केली नव्हती

मंडळी, आज मुलीच्या शाळेत पालकसभा होती. म्हणून तीन वर्षांत पहिल्यांदाच कारधा गावातल्या माझ्या तर्री-पोह्यांच्या दुकानातली तर्री जाऊबाईंवर सोपवली. मसाला तोच, माप तेच.

दहाला परतले, तर आमचे रोजचे गुरुजी अर्धी प्लेट ठेवून उठत होते.

"आज तर्री तू नाही केली वाटते, पोरी! तू नसशील त दुकान बंदच ठेवत जा."

कौतुकच होतं ते. मागे प्लेटा धुणाऱ्या जाऊबाईंनीही ऐकलं. मला आधी बरं वाटलं, मग धडकीच भरली. उद्या मी आजारी पडले तर दुकान खरंच बंद ठेवायचं?

उद्याची तर्रीही जाऊबाईच करतील. मी शेजारी नुसती उभी राहणार, पळीला हात न लावता. तुम्हाला जमलं असतं का हो?