मांडवाचे खड्डे

मधला खांब सुटला तेव्हा नणंदेच्या पोराचं डोकं दिसायला लागलं होतं. मोडल्याचा आवाज झाला नाही. चिखलातून पाय उपसावा तसा बुडाशी आवाज झाला आणि खांब बाहेरच्या बाजूला कलला. त्याच्यावरची आडवी मयाल, छपराची तुळई, वीतभर खाली आली. मयालीवर वासे, वाशांवर कवेलू म्हणजे मातीची कौलं, आणि त्या सगळ्याच्या खाली नणंद पडलेली. मी तिच्या डोक्याशी बसून खांदे धरले होते. ते सोडले, उठले आणि मयालीखाली माझा खांदा दिला.

"सरकवा बाईले," मी दाईला म्हणाले.

"कुठं सरकवू? डोकं निंगून राह्यलं. आता गाव जळलं तरी हालवत नाई मी."

तेवढ्यात चार कवेलू घसरले. तीन अंगणात फुटले, एक दाईच्या पाठीवर आदळला. तिनं हात सोडले नाहीत. फक्त कवेलूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

ती छपरी मी बांधली होती. तेव्हा कोणी विचारलं तरी मी हेच सांगितलं, आजही सांगते.

माझा बाप बोरगावकडचा वाढई, म्हणजे सुतार. त्याला मुलगा नव्हता, म्हणून करवतीचं दुसरं टोक माझ्या हातात आलं. चौथी झाली आणि शाळा सुटली, करवत सुटली नाही. लग्न होऊन पिपरीजवळ आले तेव्हा मला भाकरी बऱ्यापैकी येत होती आणि खांब उभा करणं उत्तम येत होतं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते, भेगेत कोपरापर्यंत हात जातो. पावसाळ्यात तीच फुगते आणि तिच्यात उभं असेल त्याला ढकलते. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा, मग तो दोन हातांवर लागो की चार. खांबाचं बूड जाळून काळं करायचं, वर डांबर लावायचं, म्हणजे उधई, वाळवी लागत नाही. आणि भरताना खोदलेली माती परत टाकायची नाही. मुरूम आणि दगडाच्या चिपा टाकून ठोकायचं. एवढं केलं की खांब हलत नाही. मी केलेले खांब अजून उभे आहेत. मी सांगते आहे तो एक सोडून.

आमचं घर म्हणजे एक मोठी खोली. तिच्यातच चूल आणि देव. त्यामुळे बाळंतपण घरात होत नसे, गोठ्यात होई. माझं पहिलं पोर गोठ्यात झालं, पौषात, आणि पाचव्या दिवशी गेलं. गोठ्यामुळे गेलं की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. आता सावंगीला एवढा मोठा दवाखाना आहे, तेव्हा तिथे शेतं होती. कोणाला विचारणार? पण बाज टाकायला तिथे कोरडी जागा नव्हती आणि खालून मुताची ओल वर येत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून आषाढात नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी सासूला सांगितलं, "आत्याबाई, बाई गोठ्यात निजनार नाईत. मी घराले लागून छपरी काढतो."

"काढ नं. मी कुठं हात धरला तुहा?"

दुसऱ्या दिवशी मी खणायची सब्बल घेऊन अंगणात उतरले तर तिनं खरंच हात धरला.

"काऊन वं, डोस्कं ठिकानावर हाये का? पोटुशी पोर घरात असतानी नवा खड्डा खंदतात का?"

"मंग खांब का हवेत उभा करू?"

"ते मले नाई माहीत. वाढयाची पोरगी तू हायेस."

नवरा दावणीशी उभा होता. तो म्हणाला, "तुमचं दोघीचं ठरलं की हाक मारजा. मी बैलाले पानी पाजून येतो." आणि गेला. भांडण दिसलं की त्याच्या बैलांना तहान लागायची.

शेवटी तोड सासूनंच काढली. मागच्या वर्षी वैशाखात नणंदेचं लग्न त्याच अंगणात झालं होतं. मांडवाचे खड्डे बुजवलेले असले तरी कुठे होते ते दिसत होतं. सासू म्हणाली, ते खड्डे पोरीच्या लग्नाचेच आहेत, नवे नाहीत, तेच उकरले तर दोष लागत नाही. उलट चांगलंच.

मांडवाचा खड्डा हातभरसुद्धा खोल नसतो. मांडव पाच दिवस उभा राहतो, वर जांभळीच्या डहाळ्यांशिवाय वजन नसतं. नंतर त्यात केरकचरा आणि भुसभुशीत माती लोटतात. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तेवढेच उकर. एक बोटभर जास्त नाई."

मी विचार केला. हातभर खड्ड्यातली छपरी नाही तर गोठा. मी छपरी घेतली. त्यात मी चुकले असं मला वाटत नाही.

चुकले ते पुढे. एवढ्या उथळ खांबांवर गवत टाकायला हवं होतं. बापानं गवतच टाकलं असतं. पण मी वाशांवर चढून बसले होते तेव्हा शेजारची बाई डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन जाताना थांबली आणि रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाहा वं माय, बायको छपरावर चढली. आता नवऱ्यानं चूल फुकाची."

"फुकते नं तो," मी वरूनच म्हणाले. "तुमच्या घरचा विस्तू पाठवा थोडा."

ती हसली नाही. मला मात्र वाटलं, हिला दाखवते. आधीच्या पडलेल्या गोठ्याचे जुने कवेलू मागे रचलेले होते, ते मी सगळे चढवले. तीन खांबांची छपरी, वर पक्के कवेलू, बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड आणि त्यावर शेणमाती. कुत्री येऊ नयेत म्हणून पुढे बोरीच्या काट्यांची कुपाटी. छान दिसत होती. वजन किती झालं ते मला कळत होतं, आणि तरी मी खाली उतरून तिच्याकडे चांगली पाहत उभी राहिले.

भादव्यात पावसाची झड लागली. सहाव्या दिवशी मी मधल्या खांबाच्या बुडाशी हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. मी सासूला म्हणाले, बाजूनं खणून मुरमापर्यंत नेऊ द्या. ती म्हणाली, "आता दिवस भरले तिचे. आता तं बिलकुल नाई." मी भोवती दगड रचले. दगड चिखलात बसले आणि खांबासोबत हलू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेच्या पोटात दुखायला लागलं. नवरा शेतात तुंबलेलं पाणी फोडायला गेला होता. दुपारी आम्ही चौघी छपरीत होतो, सासू, दाई, नणंद आणि मी, आणि खांब सुटला.

मयाल खांद्यावर असताना माणूस फार विचार करत नाही. पाय कुठे रुतले आहेत तेवढंच कळतं. माझे घोट्यापर्यंत रुतले होते.

सासू धावत बाहेर गेली आणि खांबांचा उरलेला बाभळीचा ओंडका ओढत घेऊन आली. टेका म्हणून तो मयालीखाली लावला. बूड चिखलात घसरलं. पुन्हा लावला, पुन्हा घसरलं.

"आत्याबाई, खड्डा करा."

ती तशीच ओंडका रेटत राहिली.

"खड्डा केल्याबिगर नाई राहत तो. माहा खांदा किती वेळ पुरते?"

नणंद ओरडली. "वहिनी, सोडू नको वं!"

"नाई सोडत, बाई. तुमी तुमचं करा."

सासूनं लेकीकडे पाहिलं, वर मयालीकडे पाहिलं आणि गोठ्यातून सब्बल आणली. लेकीच्या पायांपासून दीड हातावर तिनं पहिला घाव घातला. म्हातारीनं जन्मभर शेत खणलं होतं, हात बसलेला होता. खड्ड्यात पाणी भरत होतं, ते ती टोपलीनं उपसत होती. आणि प्रत्येक घावाला मला बोलत होती. "सांगितलं होतं... कवेलू नको चढवू... आयकत नाई..." तिनं असं कधीच सांगितलं नव्हतं. मी वाद घातला नाही.

ती कोपरापर्यंत खड्ड्यात वाकलेली असताना दाई म्हणाली, "झालं! पोरगी!"

"जित्ती हाये का ते सांग!" सासू मान वर न करता ओरडली.

 दाईनं पोरीला पालथी धरून पाठीवर दोन चापट्या मारल्या. तेवढा वेळ सब्बल थांबली. मग पोरगी रडली, बारीक पण सलग, आणि सासूनं लगेच पुढचा घाव घातला. त्याच घावाला सब्बल कडक लागली. मुरूम दोन हातांवरच होता.

आम्ही ओंडका त्यात उभा केला, मयाल त्याच्यावर टेकली. मी खांदा काढून घेतला तर हात खाली येईना. दाईनं तो धरून खाली आणला.

"तिले घरात घ्या," सासू म्हणाली. मी चुलीकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. "पाहतेस काय? घ्या म्हटलं नं." नणंदेचे बारा दिवस चुलीशेजारी गेले. नवरा शेतातून आला तो ओल्या कपड्यांनीच वर चढला आणि अंधार पडायच्या आत सगळे कवेलू उतरवून ठेवले.  त्या दिवशी बैलांना तहान नव्हती.

फाल्गुनात मी छपरी पुन्हा काढली. तिन्ही खांब मुरमात. सासू शेजारी बसून होती आणि मी थांबले की म्हणत होती, "आखीन. आखीन जाऊ दे खाली." माझी पुढची तीन लेकरं त्याच छपरीत झाली. पण मी पोटुशी असायची तेव्हा तिनं अंगणात साधी खुंटी ठोकू दिली नाही. गरजही पडली नाही.

माझा उजवा खांदा तेव्हापासून डाव्यापेक्षा खाली आहे. पोलक्याची शिवण त्या बाजूला आधी उसवते, बाकी काही अडलं नाही.

दाईच्या पाठीची जखम महिनाभर वाहिली, मग भरली. नणंदेला पुढे आणखी चार मुलं झाली. त्या दुपारच्या पोरीचं लग्न हिंगणघाटला झालं, आता तिला नातवंडं आहेत. सासू खूप म्हातारी होऊन अंथरुणातच वारली. त्या दुपारी छपरीखाली आम्ही चौघी होतो आणि पाचवी यायची होती. पाचही जणी जगलो.