वांग्यांच्या वाफ्याचं पांघरूण

दिवाळी सरली की शिरढोणकडचे एक म्हातारे डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन पनवेलला आमच्या परसदारी येत. मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही. घरात सगळे त्यांना पेंढेवाले म्हणायचो. आल्या आल्या ते वहाणा काढून वांग्यांच्या वाफ्यात उभे राहायचे आणि तळपायानं माती चाचपून म्हणायचे, "गारठली हाय बिचारी." मग मी वर्षभर साठवलेला पाला वाफ्यावर पसरायचा आणि त्यावर पेंढा. थंडीभर मातीची ऊब राही, ओलही राही.

एका वर्षी पाहुणे येणार म्हणून मी तो पाल्याचा ढीग जाळून टाकला. म्हाताऱ्यांनी पायाच्या अंगठ्यानं राख उकरली. मला वाटलं, आता बोलणार. "राख बी कामाची हाय, बाय," एवढंच म्हणाले आणि ती झाडांच्या बुडाशी घातली. पण पाल्यावाचून पेंढा अर्ध्याच वाफ्याला पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आणखी एक भारा घेऊन आले. हा पेंढा जुना होता, दाबून चपटा झालेला, आणि त्याला विडीचा वास होता. त्यात घोंगडीची काळी लोकर अडकलेली दिसली.

"हा तुमच्या अंथरुणाखालचा ना?" मी विचारलं.

ते वाकून पेंढा पसरतच राहिले.

"आमाला थंडी वाजली तर आमी उठून शेकोटीपाशी बसू," ते म्हणाले. "या वांग्याला नाय उठता येत."