साडूंची टर्की आणि सासूबाईंचा उपास

जगातल्या प्रत्येक पदार्थात आपल्याला न सांगता काहीतरी घातलेलं असतं, यावर आमच्या साडूंची जितकी श्रद्धा आहे तितकी मी कुणाची देवावरही पाहिलेली नाही. ताट समोर आलं की माणसं हात पुढे करतात, साडू नाक पुढे करतात. आधी वास, मग चमच्याने थोडी उकराउकर, आणि मग तो ठरलेला प्रश्न, "यात काय घातलंय?" इथे सिंगापुरात खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर असतं, तिथल्या कॉफीवाल्या म्हाताऱ्यालाही त्यांनी एकदा हे विचारलं. "कॉफी इनसाइड, लाह!" तो बिचारा इथल्या हेलात म्हणाला. तरी पहिला घोट साडूंनी मला घ्यायला लावला आणि स्वतः माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. एमआरटी मेट्रोत स्टेशनचं नाव पुकारलं तरी हे वाकून पाटी वाचणार. कुणी "सहज फोन केला" म्हणालं, की सहज म्हणजे का, याचा विचार करत बसणार. माझी बायको म्हणते, भावजींना हसण्याचासुद्धा संशय येतो. ते खरंच आहे.

हा संशय त्यांच्या अंगात कुठून आला, ते मला सासूबाई सिंगापूरला आल्या तेव्हा थोडंफार कळलं. साडू नागपूरचे, बौद्ध. आमच्या थोरल्या मेहुणीने त्यांच्याशी लग्न ठरवलं तेव्हा पुण्याच्या घरी बरंच रामायण झालं होतं आणि सासूबाई लग्नाला गेल्या नव्हत्या. इतक्या वर्षांनी त्या इकडे आल्या त्या आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये उतरल्या. आमच्या फ्रिजमध्ये अंडी असतात, रविवारी चिकनही शिजतं. सासूबाई नाक मुरडतात आणि शेजारच्या शेगडीवर पिठलं टाकून पोटभर जेवतात. थोरल्या लेकीकडे, बुकित तिमाहला जायचं म्हटलं की मात्र त्यांना उपास असायचा. सोमवारी शंकराचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, मधल्या वारी चतुर्थी नाहीतर एकादशी. तिथे त्या फक्त एक केळं खायच्या, तेही स्वतःच्या हाताने सोलून. मला त्या 'जावईबापू' म्हणत. साडूंना काहीच म्हणत नसत, "यांना पंखा कमी करायला सांग," असं लेकीमार्फत चालायचं.

"बघितलंत?" साडू मला बाल्कनीत नेऊन म्हणाले, "बुकित तिमाहच्या हवेतच उपास आहे." मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

अशात डिसेंबर उजाडला आणि त्यांच्या लेकीने शाळेतल्या मैत्रिणींसारखी ख्रिसमसला टर्कीच हवी म्हणून हट्ट धरला. साडूंनी ऑफिसातली चारदोन मंडळीही बोलावली, त्यांत निम्मी शाकाहारी. पण सगळा बेत होता एकाच पाहुणीसाठी. सासूबाईंनी आपल्या घरी दोन घास खावेत, एवढंच त्या माणसाला हवं होतं, आणि ते तो बायकोलाही सांगत नव्हता. त्यांनी भिंतीवरची मराठी दिनदर्शिका उतरवून पंचविसावी तारीख तपासली. उपासाचा वार नाही, तिथी नाही, काही नाही. तरी चूक नको म्हणून त्यांनी मलाही वाचायला लावली.

मग तयारी. टर्की घरात भाजायची नाही, हॉटेलातून आणायची, असं ठरलं. हॉटेलला फोन करून त्यांनी विचारलं, "आत काय भरलंय?" आणि लगेच, "टर्कीच आहे ना नक्की?" शाकाहाऱ्यांसाठी मेहुणीने चिनी दुकानातून ग्लुटेनचं, म्हणजे गव्हाच्या चिकाचं, नकली बदक आणलं. त्यावरच्या सुरकुत्या बघून साडू हादरले. "खोटं असून इतकं खरं दिसतं, म्हणजे खरंच असणार!" बदक परत गेलं. टर्कीचं टेबल बाल्कनीत, शाकाहारी टेबल हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. टर्कीच्या सगळ्या चमच्यांना लाल रिबन. ओलं बोट वर धरून वारा कुठून येतो तेही त्यांनी पाहिलं. "पप्पा, इट्स ओन्ली डिनर, लाह!" लेक म्हणाली. साडूंना तेही संशयास्पद वाटलं.

संध्याकाळी पाहुणे आले, टर्की आली. सासूबाई येऊन सोफ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मला आज उपास आहे हो."

"आज कसला?" साडू पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलले. "मी दिनदर्शिका पाहिलीय."

"नवसाचा आहे. तो कॅलेंडरात नसतो."

साडू आत गेले. ते बाहेर आले ते हातात वाफाळलेली ताटली घेऊन. साबुदाण्याची खिचडी!

"मला संशय होताच," ते म्हणाले.

सासूबाईंनी ताटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "यात काय घातलंय?"

आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न साडूंच्याच पदरात पडला होता. "साबुदाणा. दाण्याचं कूट. मिरची, तूप, मीठ. कढई सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानातून नवी आणली, कालथा नवा." ते थांबले. "हात माझे आहेत."

मेहुणीच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाई बराच वेळ ताटलीतली वाफ बघत बसल्या, मग त्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि हाताने एक घास घेतला. सावकाश चावला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या. आम्ही दोघांनीही माना वर केल्या. त्या साडूंकडे बघत होत्या. "मीठ कमी आहे. पुढच्या वेळी नीट घाला."

त्यांनी ताटली संपवली. साडू बाल्कनीत येऊन टर्की खायला बसले, आणि वर ओतलेल्या रश्शात काय घातलंय हे त्यांनी विचारलं नाही. मधेच माझ्या कानाशी येऊन मात्र म्हणाले, "'पुढच्या वेळी' असं का म्हणाल्या हो?"

पुढची वेळ आली नाही. सासूबाई पुण्याला परतल्या, मग त्यांचे गुडघे गेले, आणि मग त्याही गेल्या. साडूंकडे अजून दर ख्रिसमसला टर्की असते आणि तिच्यापासून लांब, हॉलच्या दुसऱ्या टोकाला साबुदाण्याची एक ताटली असते. सगळे बसायच्या आत साडू तिच्यातला एक घास मला देतात आणि विचारतात, "मीठ?"

"बरोबर आहे," मी म्हणतो.

त्यांचा विश्वास बसत नाही.