इरासीनं वाढवलेली जिबोया

नदीकाठच्या कोठारात उंदरांनी कसावाच्या कंदांच्या पिठाची निम्मी पोती फोडली, त्या साली इरासीनं जिबोया, म्हणजे अजगरासारखी विळखा घालणारी बिनविषारी सापीण, पाळायचं ठरवलं. तिचा दीर जेनेझियो याला रान तोडताना एक पिल्लू सापडलं होतं, हातभर लांबीचं. त्यानं ते टोपलीतून आणून दिलं. इरासीनं ते कोठारातल्या एका लाकडी पेटीत ठेवलं.

"वहिनी, सहा महिन्यांत कंटाळाल बघा," तो म्हणाला.

"नवऱ्यामागं तुम्हाला सांभाळलं भावजी, ही काय जड आहे?"

सुरुवातीला उंदराची डोळेही न उघडलेली पिल्लं, आठवड्याला एक. मग छोटे उंदीर. जिबोया भराभर वाढली, पण इरासीला तेवढ्यानं समाधान नव्हतं. पिठाच्या दोन हंगामांतच ती कोठारात सोडण्याजोगी व्हायला हवी होती. म्हणून इरासी दर चौथ्या दिवशी खायला घालू लागली, तेही मोठाले उंदीर. एकदा जिबोयानं सगळं ओकून टाकलं. इरासीनं ते कुणालाच सांगितलं नाही.

दोन वर्षांत ती पाच फुटांची झाली. पेटीचं झाकण उघडलं की खाणं येतं, एवढं तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

त्या सकाळी इरासीनं सापळ्यातला मेलेला उंदीर काढून बाजूला ठेवला आणि हात न धुताच पेटीतलं पाण्याचं भांडं उचलायला गेली. काय झालं ते कळायच्या आत तिच्या तळहाताला सुया टोचल्यासारखं झालं आणि मनगटाला तीन वेढे बसले.

हात ओढावा तर मागं वळलेले दात आणखी रुतत होते. बोटं आधी लाल झाली, मग जांभळी. कसावा सोलायचा सुरा हाताशीच पडला होता. तिनं तो उचलला, जिबोयाच्या मानेवर टेकवला. पण वार करवेना. सुरा तिनं परत खाली ठेवला आणि कोठाराच्या पायऱ्या उतरून नदीत गुडघाभर पाण्यात शिरली. श्वास कोंडला की सोडेल म्हणून जिबोयासकट हात तिनं पाण्यात बुडवला.

जिबोया सोडेना. एक वेढा उलट आणखी आवळला गेला.

एवढ्यात जेनेझियोची होडी काठाला लागली. त्यानं कोयता उपसला.

"हलू नका वहिनी! एकाच घावात..."

"कोयता टाका आधी! शेपटीकडून सोडवा."

"तुमची बोटं काळी पडलीत!"

"माझी चूक आहे भावजी. उंदराचा वास लागलेला हात मीच आत घातला. शेपटी धरा म्हणते ना!"

शिव्या देत त्यानं शेपटी पकडली आणि एकेक वेढा उलगडायला लागला. इरासीनं जिबोयाचं डोकं पाण्याखालीच धरून ठेवलं. शेवटचा वेढा सुटला तरी जबडा घट्टच होता. कितीतरी वेळानं तो सैल पडला. इरासी मटकन पायरीवर बसली आणि तेव्हा कुठं रडली.

"आता तरी सोडा हिला रानात," जेनेझियो म्हणाला.

"ओकली होती ती. तरीही मी कोंबत राहिले," इरासी एवढंच बोलली.

महिनाभर जखमा चिघळल्या. करंगळी पुढं कधी नीट वळली नाही. जिबोयाला मात्र तिनं ठेवलं. आता पंधरा दिवसांतून एकदाच खाणं, तेही बांबूच्या लांब चिमट्यानं. हंगाम आला तरी तिनं घाई केली नाही, त्या वर्षी काही पोती उंदरांनी खाल्ली. जिबोया कोठारात गेली ती त्याच्या पुढच्या वर्षी, आणि पहिल्याच आठवड्यात वरच्या वाशावर, उंदरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जाऊन बसली.